उपाशी रक्त

३ फेब्रुवारी

प्रिय शास्त्रीबाई,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण आमच्या या दोन खोल्यांत फोनवर बोलणं म्हणजे तुझ्या आईला ऐकवून बोलणं. खेळाच्या बाई निवृत्त झाल्या तरी त्यांचे कान अजून मैदानावरच आहेत. मागच्या रांगेत कोण कुजबुजलं ते तिला पुढे उभी राहून कळतं. ती फिरायला गेलीय तोवर शिलाई मशीनवरच कागद ठेवून लिहितेय.

तुमच्या संस्थेचा लिफाफा आलाय. एक जाड, एक बारीक अशा सख्ख्या बहिणींच्या जोड्या तुमच्या अभ्यासाला हव्यात म्हणून तू गळ घातलीस, आणि तुझ्या आईने नि मी नावं दिली. आमच्याइतकी मासलेवाईक जोडी तुला शोधून मिळाली नसती. नळीत थुंकले, रक्त दिलं, काट्यावर उभी राहून मान खाली घातली. सगळं रीतसर झालं, ताई होतीच बरोबर.

आता निकालात दोन ओळी आहेत. पहिली म्हणते, जनुकांवरून वजन वाढण्याचा कल बराच जास्त. यासाठी संस्था कशाला हवी होती, मी पाणी प्यायले तरी अंगाला लागतं हे गल्लीतल्या कुणीही सांगितलं असतं. दुसरी ओळ मात्र कळली नाही. ‘रक्तातील प्रथिनांची पातळी अनपेक्षित आढळली, कृपया संस्थेशी संपर्क साधावा.’ माझ्यासाठी संस्था म्हणजे तू. कागदाची प्रत सोबत ठेवली आहे, वर माझा क्रमांक आहे. अनपेक्षित म्हणजे काय ते सांग. आणि आधीच सांगून ठेवते, डाएटचा तक्ता पाठवलास तर मी त्यावर उशांचे अभ्रे बेतीन.

दुकान बरं चाललंय. एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांची कव्हरं आली आहेत. माणसांचे कपडे शिवणं सोडलं ते बरंच झालं बघ. सोफ्याला कुणी जाड म्हणत नाही, आणि सोफाही मला काही म्हणत नाही.

ताईचाही लिफाफा आलाय. तिने न उघडताच कपाटावर टाकला. म्हणाली, मला काय धाड भरलीय.

तुझी,
मावशी

१२ फेब्रुवारी

मावशी,

तुझा क्रमांक वाचला आणि मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझी मावशी सापडली.

आमच्यापुढे माणसं नसतात, नुसते क्रमांक असतात, आणि कोणता कुणाचा हे आम्हाला कळू देत नाहीत. पडद्यावर वजन आणि रक्त एकमेकांशी ताडून प्रत्येक क्रमांकाचा एक ठिपका. हजारो ठिपके एका घोळक्यात बसतात. एक ठिपका मात्र कित्येक महिने पार कोपऱ्यात एकटा उभा होता, आणि तो चुकीचा तर नाही ना म्हणून मी रोज त्याच्याकडे बघायचे. ती तू निघालीस. तू आपणहून क्रमांक सांगितलास हे मी आमच्या प्रमुख बाईंना लगेच कळवलं आहे, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको.

तुझ्या भाषेत सांगते. जनुकं म्हणजे बेतलेला कागद. जन्मताना मिळतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. रक्तातली प्रथिनं म्हणजे अंगावरचा कपडा, आज कुठे ताणलाय, कुठे उसवलाय ते दाखवणारा. नुसता कागद बघून कपडा आज कसा बसतोय हे कळत नाही. नुसता कपडा बघून तो मुळात तसाच बेतला होता की वापरून तसा झाला हे कळत नाही. म्हणून आम्ही दोन्ही शेजारी ठेवतो.

आता तुझं. अंगातली चरबी मेंदूला सारखा निरोप पाठवत असते की साठा भरपूर आहे, काळजी नको. तो निरोप नेणारं एक प्रथिन आहे, लेप्टिन. जाड माणसाच्या रक्तात ते मुबलक असतं. तुझ्या रक्तात जवळजवळ नाही. बाकीची प्रथिनंही तेच सांगतात. मावशी, हे रक्त उपाशी आहे. या शरीराला वाटतंय की बाहेर दुष्काळ पडलाय आणि तो कित्येक वर्षं हटलेला नाही.

फार थोड्या लोकांच्या अंगात हा निरोप तयारच होत नाही. त्यांची भूक कधी शमत नाही, कारण मेंदूला कळतच नाही की पोट भरलंय. अशांसाठी औषध आहे. तुझं तसंच असेल तर तुला आयुष्यभर ‘तोंड आवर’ म्हणणाऱ्या सगळ्यांनी, आमच्या मातोश्री धरून, तुझी माफी मागायला हवी. दोष तुझा नव्हता. कधीच नव्हता.

पुढच्या महिन्यात बाई हे मोठ्या सभेत मांडायला मला उभी करणार आहेत. त्याआधी तुझं रक्त पुन्हा तपासायचंय. कधी येतेस ते कळव. तिकीट मी काढते.

तुझी,
शास्त्रीबाई

२० फेब्रुवारी

प्रिय पोरी,

पत्र मिळालं. खूप छान लिहिलंयस, सगळं समजलं. सभेत बोलणार आहेस हे वाचून ऊर भरून आला.

येणं मात्र आत्ता जमायचं नाही. नाट्यगृहवाले मागे लागलेत आणि जाड कापडाने दोन सुया मोडल्या.

एक विचारू? असाच निरोप कमी असलेलं माणूस जर बारीक असलं, तर त्याचा अर्थ काय होतो? सहज आपलं डोक्यात आलं म्हणून.

मावशी

२६ फेब्रुवारी

मावशी,

मी तीन पानं लिहायची आणि तू पाच ओळी. तू घाबरलीस, दुसरं काही नाही. अगं, सुई टोचण्यापलीकडे काही होणार नाही. आणि सुया मोडल्याचं मला सांगू नकोस, तुझं मशीन सोफ्यासकट भिंत शिवेल.

तुझा प्रश्न सोपा आहे. बारीक माणसाच्या रक्तात तो निरोप कमीच असतो, त्यात नवल नाही. पण तुझ्या रक्ताइतका कमी असेल तर मी म्हणेन की ते माणूस बरीच वर्षं पुरेसं खात नाहीये. मग शरीर एकेक दिवा मालवायला लागतं. भर दुपारी थंडी वाजते, हाडं ठिसूळ होतात, ठोके मंदावतात. पण हा प्रश्न तुझा नाहीच, तू का डोक्याला ताप करून घेतेस?

सभेची तारीख ठरली आहे. बाई मला रोज विचारतात, मावशी कधी येणार. मी रोज नवी थाप मारते.

आईशी परवा बोलले. जिन्यात चक्कर आली होती म्हणे. ऊन लागलं असेल म्हणाली. लक्ष ठेव तिच्यावर.

शास्त्रीबाई

२ मार्च

पोरी,

हे पत्र बसून वाच.

ते रक्त माझं नाही. तुझ्या आईचं आहे.

त्या दिवशी थुंकी मी दिली, काट्यावर मी उभी राहिले. मग रक्ताच्या खुर्चीत बसले. तिथल्या मुलीला शीर सापडेना. या हातावर टोचलं, त्या हातावर टोचलं, पुन्हा या हातावर. मागे रांग खोळंबलेली. शेवटी ती आपल्या मैत्रिणीला म्हणाली, “शीर कुठली सापडतेय, सगळं लोणीच आहे.” दोघी हसल्या. वाईट मनाच्या नव्हत्या, दमल्या होत्या. पण मी उठले आणि नळापाशी जाऊन तोंड धुवायच्या निमित्ताने रडले. या वयात, पोरी, लोण्यासाठी.

ताई मागून आली. माझ्या हातातली क्रमांकाची चिठ्ठी घेतली, म्हणाली, तू बाहेर बाकावर बस. स्वतःचं रक्त तिने एका टेबलावर आधीच दिलं होतं. आता दुसऱ्या टेबलापुढच्या रांगेत माझी चिठ्ठी घेऊन उभी राहिली आणि दुसरा हात पुढे केला. मी म्हटलं, ताई, हे चालायचं नाही. तर म्हणते, आपलं रक्त एकच आहे, कुणाचं घेतलं म्हणून काय बिघडतं? संघातला एक गडी दमला तर दुसरा पळतो. तिच्या डोक्यात शर्यत होती, आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की मला त्या खुर्चीत परत बसायचं नाही.

तुझं ते पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. ‘दोष तुझा नव्हता’ हे मला आजवर कुणी म्हटलेलं नाही, तुझ्या आजीनेसुद्धा नाही. मला ठाऊक होतं की ते माझ्या रक्ताबद्दल नाही, तरी मी ते रोज वाचत होते. आणखी थोडे दिवस वाचलंही असतं. झाकली मूठ राहिली असती, तूही खूश, मीही.

पण त्याच पानावर तू लिहिलंयस की हे रक्त उपाशी आहे. तेव्हापासून मी ताईकडे बघतेय. तिच्याकडे असं मी कधी बघितलंच नव्हतं. ती माझ्याबरोबर जेवायला बसत नाही. म्हणते, मी आधीच खाल्लं. मला वाटायचं, माझं खाणं तिला बघवत नाही. पाव दोघींपुरता आणते आणि संपवते मी एकटी, हे माझ्या इतक्या दिवसांत लक्षात आलं नाही. सूप पिताना चमचा वर येतो तो निम्मा. भर दुपारी स्वेटर. जिन्यात कठडा सोडत नाही. शाळेतला तो रुंद पट्टा आहे ना, त्याला तिने खिळ्याने नवं भोक पाडलंय. मी एवढी मापं घेणारी बाई आणि घरातलं माप मला दिसलं नाही.

तुझी सभा बुडणार हे मला कळतं. तू रागाव, मी ऐकून घेईन. पण आधी सांग, मी आता काय करू?

मावशी

८ मार्च

मावशी,

रागावले. एक अख्खी दुपार रागावले. मग आईचा फोटो काढून बघितला, आणि राग कुठे गेला ते कळलं नाही. मी इथे बसून हजारो लोकांच्या रक्तात भूक शोधते, आणि दर सुट्टीला तिच्या शेजारी बसून येते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळले. मग आम्ही दोघींनी मिळून पडताळून पाहिलं. काही प्रथिनं अशी असतात की ती जनुकांच्या मागोमाग सावलीसारखी चालतात. कागदावर जसं बेतलंय तशीच रक्तात उतरतात, माणूस जेवो वा उपाशी राहो. तुझ्या कागदाशी ती जुळत नव्हती. दुसऱ्या एका नमुन्याशी मात्र हे रक्त एकाच हातातून काढल्याइतकं जुळलं. हे आधीच तपासायला हवं होतं. पण एवढा सुरेख ठिपका हातात आल्यावर तो खोटा ठरवायची घाई कुणाला असते? सभेतून नाव काढून घेतलंय. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता दोन गोष्टी. पहिली तुझी. थुंकी तुझीच होती ना? मग निकालाची पहिली ओळ तुझीच आहे. तुझं शरीर जन्मापासून साठवण्याकडे झुकलेलं आहे आणि ते तू मागून घेतलेलं नाहीस. औषधाचं ते बोलणं विसर, पण माझं वाक्य उशीखालीच राहू दे. ते मी परत घेत नाही.

दुसरी आईची. तिच्या लिफाफ्यात काय आहे ते मी सांगू शकत नाही. तो तिचा आहे आणि तिनेच उघडायला हवा. तेवढं कर. दटावू नकोस, पाळत ठेवू नकोस, भरवायला तर जाऊच नकोस. नुसतं विचार. आणि डॉक्टरकडे ने, नक्की ने. हे लांबणीवर टाकायचं दुखणं नाही, मावशी. माणसं यात जातात.

मी शनिवारी निघते.

तुझीच

१७ मार्च

पोरी,

तू आलीस, दोन दिवस राहिलीस, आणि तुझ्या आईने तुझ्यापुढे एक अक्षर काढलं नाही. नुसती म्हणाली, तुम्ही दोघी उगाच राईचा पर्वत करताय. तू बस पकडलीस तेव्हा तुझा चेहरा मला बघवत नव्हता. म्हणून हे लगेच कळवते. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती आपणहून बोलली.

मी खुर्चीचं कव्हर उसवत बसले होते. ती कपाटावरचा लिफाफा घेऊन समोर आली, फोडला, वाचला, आणि माझ्या मांडीवर ठेवला. पोरी, तिचा कागदही माझ्याच कागदासारखा आहे. उलट वजन वाढण्याचा कल माझ्यापेक्षा तिचाच थोडा जास्त. मी दोनदा वाचलं. आयुष्यभर सगळ्यांनी मला तिची शिस्त दाखवली, ‘बहिणीकडे बघ जरा.’ आणि दोघी बेतलेल्या एकाच कागदावर.

मी तुझं ऐकलं, दटावलं नाही. नुसतं विचारलं, ताई, तुला भूक लागते का गं?

ती म्हणाली, “लागते. आत्ताही लागलीय. शाळेत शिट्टी फुंकताना लागायची. तुझे भावोजी गेले त्या दिवशीही लागली होती, आणि मला स्वतःची लाज वाटली. मी पोटभर कधी जेवलेच नाही.”

मी म्हटलं, का?

“लोक तुला कसं वागवायचे ते बघत होते ना मी.”

मला कसं वाटलं ते तुला काय सांगू. आधी राग आला. म्हणजे मी तिच्या घरातलं बुजगावणं होते तर, तिला भीती दाखवायला ठेवलेलं. मग वाटलं, माझ्यावर हसणाऱ्या लोकांनी मला एकटीलाच टोचलं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या पोरीलाही ते लागलं होतं, आणि ती बोलली नाही. मी तिला जवळ घेतलं. हाडं लागली हाताला.

डॉक्टरांकडे नेलं. ठोके मंद आहेत, हाडं विरळ झाली आहेत, पण वेळेत आणलंत म्हणाले. एकदम खायला घालायचं नाही, हळूहळू वाढवायचं. पंधरवड्यात फरक पडला नाही तर दवाखान्यात ठेवून नळीने द्यावं लागेल. अडचण इथेच आहे. ती ताटापुढे बसते, मन घट्ट करते, आणि पावाचा अर्धा तुकडा पोटात गेला की हात थांबतो. तिला खायचंय गं, पण हात उचलत नाही. काल मला म्हणाली, एवढी वर्षं ज्या अन्नाला जवळ फिरकू दिलं नाही, त्याला आता स्वतः हाक कशी मारू.

मी समोर बसून माझं माझं खाते. दुसरं काही मला येत नाही.

तुझी,
मावशी

२ एप्रिल

चि. पोरीस,

पत्र लिहायची मला सवय नाही. आजवर मी सूचनाच लिहिल्या, त्या फळ्यावर. तेव्हा चुकलं तर समजून घे.

काल तपासणीची तारीख होती. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवलं नाही. वजन थोडं वाढलंय. ‘वाढलं’ हा शब्द ऐकून उठून निघून जावंसं वाटलं, पण मी तुझ्या मावशीचा हात धरला आणि तिथेच बसून राहिले. येताना तिने तुमच्या संस्थेच्या केंद्रावर स्वतःचं रक्त दिलं. तिला सुईची भीती नव्हतीच, हसण्याची होती. यावेळी मी खुर्चीशेजारी उभी होते, आणि कुणी हसलं नाही.

तुझी सभा माझ्यामुळे बुडाली. मी दुसऱ्याच्या जागी पळायला गेले ते चुकलं. पण पोरी, त्या दिवशी मी तिच्या चिठ्ठीवर रक्त दिलं नसतं तर कुणालाच काही कळलं नसतं, मलाही नाही. माझ्या स्वतःच्या चिठ्ठीवर तेच रक्त तुम्हा सगळ्यांना निरोगी दिसलं होतं, माझ्या कागदावर ती दुसरी ओळ नव्हतीच. बारीक बाईचं बारीक रक्त. हे तुमच्या बाईंना सांग, त्यांच्या कामाला येईल.

आता मुख्य ते. आज दुपारी बटाट्याचं सूप होतं, पाव होता, अंडं होतं. मी पानातलं संपवलं. हात थांबला. मग मी तुझ्या मावशीला म्हटलं, अजून दे. तिने वाढलं आणि मान वळवली. तेही मी संपवलं. फार भीती वाटली, ती मी तुला सांगून ठेवते. उद्या जमेलच असं नाही. पण आज जमलं.

पोट भरलं की झोप येते हे मला ठाऊक नव्हतं. लोक जेवून आडवे का होतात याचं मला नेहमी नवल वाटायचं. आज बसल्या जागी माझा डोळा लागला. उठले तेव्हा ऊन खिडकीतून गेलेलं होतं. तुझ्या मावशीने मशीन बंद ठेवलं होतं, नाट्यगृहाच्या माणसाला दारातूनच परत पाठवलं होतं, आणि मी उठेपर्यंत स्वतः दारात स्टूल टाकून बसली होती, कुणी आत येऊ नये म्हणून.

तुझी,
आई